मान्यता नसलेल्या सरकारचा फलक

आबा गेल्याची बातमी मला कारखान्याच्या फाटकावर कळली, तीही गोदामाच्या दाराविषयी बोलता बोलता. सकाळच्या पाळीची माणसे आत चालली होती. मी सायकलवरून उतरलो तसा पहारेकरी म्हणाला, "भाऊसाहेब, दोन नंबरच्या गोदामाचा आकडा पार पुसलाय. आता कोणाकडून काढून घ्यायचा?" मी म्हटले, "कोणाकडून म्हणजे? दगडूआबांना निरोप धाडा की." त्याने माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले. "तुम्हाला कळलं नाही वाटतं... आबा काल सकाळीच गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत..." पुढचे मी ऐकले नाही. सायकल तशीच वळवली आणि चिंचवड गावाच्या रस्त्याला लागलो. पवनेच्या काठावर पोचलो तेव्हा सारे कालच उरकलेले होते. राख निवली होती, आणि आबांचा मुलगा मारुती दोन भावबंदांबरोबर ती गोळा करायला आला होता.

त्याला आता सहा आठवडे होत आले. दगडूआबा हे मोठे नाव नव्हे. पण पिंपरीच्या कॅम्पातली कापडाची दुकाने, चिंचवड स्टेशनाजवळची हॉटेले, चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या वखारी, यांच्यावरची नावे वाचत तुम्ही कधी गेला असाल, तर तुमची आणि आबांची ओळख आहे. ती ओळख असल्याचे तुम्हाला ठाऊक नाही, एवढेच. मला मात्र त्यांच्याविषयी अशी एक गोष्ट ठाऊक आहे, जी त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हती. आबांना कारखान्यातून काढले ते ज्या चुकीसाठी, ती चूक माझी होती. हे मी त्यांच्या हयातीत कुणाला सांगितले नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

मी मूळचा परभणीकडचा. निजामाची राजवट संपत आली होती तेव्हा सरहद्दीवरच्या एका छावणीत वर्षभर होतो. बंदूक कधी हातात धरली नाही. पत्रके पोचवायची, निरोप न्यायचे, कोण आले कोण गेले याची टिपणे ठेवायची, असले काम. एका गावात आमच्या लोकांनी चावडीवर झेंडा लावून महिनाभर कारभार चालवला, तक्रारी ऐकल्या, दाखले दिले. ते दाखले माझ्या अक्षरात होते. पुढे सारे शांत झाल्यावर एक म्हातारी बाई असाच एक दाखला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. मी तिच्याबरोबर होतो. तिथल्या कारकुनाने कागद पाहिला, "हे कुठलं सरकार?" म्हणाला, आणि तो बोटाने बाजूला सारला. तिने कागदाची घडी घालून तो पुन्हा कनवटीला लावला. ते बोट मला अजून दिसते.

त्यानंतर काही वर्षांनी मी इकडे आलो. पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या माळावर आमचा कारखाना तेव्हा नवा होता. विहिरीवर बसवायचे पंप तिथे तयार होत. पत्र्याच्या शेड, मागे ज्वारीची शेते, आणि पुण्याकडून गाडी आली की सगळ्यांनी मान वर करून बघायचे, अशी ती जागा. मला कारकुनाची नोकरी मिळाली, पण कच्ची. वर्षभर काम पाहून मग कायम करणार होते. बायको आणि दोन मुले तोवर थोरल्या भावाकडे ठेवली होती.

आबा रंगखात्यात होते. त्यांच्या भावकीची जमीन कारखान्याच्या कुंपणात गेली होती आणि त्या घरांतून एकेक माणूस कामावर घेतला होता. "माझं रंगाचं खोपट हाय ना, तिथंच आमचं खळं व्हतं," असे ते सहज सांगत. त्यात तक्रार नसे. पंपांना निळा रंग देणे आणि पंप ज्या खोक्यात भरले जात त्या खोक्यांवर गिऱ्हाइकाचे नाव-गाव काढणे, हे त्यांचे काम. कारखान्याआधीही ते गावोगाव पाट्या रंगवीत; अक्षर असे की छापल्यासारखे. मी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचो, ते कुंचल्याने उतरवायचे.

पहिल्याच महिन्यात एक गंमत झाली. चिठ्ठी लिहिताना मी चुकून 'बारामती' लिहिले, त्यावर रेघ मारली आणि पुढे 'बार्शी' लिहिले. दुपारी खोके पाहिले तर त्यावर ठळक 'बारामती', त्यावरून आडवी सुरेख रेघ, आणि पुढे 'बार्शी'.

"आबा, हे काय केलंत?"

"तुमी काढलंय तसंच काढलंय, भाऊसाहेब."

"अहो, पण ते खोडलेलं आहे."

"मला वाटलं आडवी रेघ बी नावातलीच हाय."

तेव्हा मला कळले की आबांना वाचता येत नाही. अक्षर हे त्यांच्या लेखी चित्र होते. शेडमधली पोरे हसायला लागली. एकजण म्हणाला, "आबा, उद्या भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवर चहाचा डाग पडला तर तो पण काढाल तुम्ही." आबा कुंचला पुसत म्हणाले, "डाग चांगला गोल असला तर काढीन की." पण एवढे खरे, की आबा मनाने एक अक्षरही इकडचे तिकडे करणार नाहीत हे त्या दिवसापासून साऱ्या कारखान्याला ठाऊक झाले. साहेबांनासुद्धा.

त्याच वर्षी एका दूरच्या देशात क्रांती झाली. देशाचे नाव इथे लिहीत नाही. त्यांचे नाव माझ्या चुकीला जोडण्याचे कारण नाही. राजा परागंदा झाला होता, नवे सरकार राजधानीत बसले होते, जमिनी कुळांच्या नावे होत होत्या. तरीही जगाच्या कागदांवर ते सरकार नव्हतेच. आपल्या सरकारनेही त्याला अजून मान्यता दिली नव्हती. मुंबईत जुन्या राजाचा वाणिज्यदूत त्याच बंगल्यात राहत होता आणि दारावर जुनाच झेंडा होता. अशा सरकारला दुसऱ्याच्या दारात सरकार म्हणून उभे राहता येत नाही. मग त्यांची माणसे व्यापारी म्हणून हिंडतात, थोडी खरेदी करतात, ओळखी वाढवतात, आणि कुठे दार किलकिले होते का ते पाहतात. त्यांच्या नव्या शेतकऱ्यांना पंप हवे होते. म्हणून त्यांचे तीन लोक आमचा कारखाना पाहायला येणार असल्याचे पत्र आले.

पत्राच्या पाकिटावर त्यांच्या लिपीत, वळणदार अक्षरांत, नव्या प्रजासत्ताकाचे नाव छापलेले होते. मी ते कितीतरी वेळ पाहत बसलो. त्या म्हातारीच्या कनवटीचा कागद मला आठवत होता. कुणाला न विचारता मी चिठ्ठी लिहिली: 'प्रजासत्ताकाच्या नव्या सरकारच्या प्रतिनिधींचे हार्दिक स्वागत'. खाली पाकिटावरची ती ओळ कापून टाचली. आबांना म्हटले, "कापडावर मोठ्या अक्षरांत काढा. फाटकावर लावायचं आहे." आबांनी ती परकी ओळ उलटसुलट करून पाहिली. "ह्यात वर कंचं आन् खाली कंचं, तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावले. "मुंबईच्या मुख्य कचेरीतून फोन होता. सरकार, प्रजासत्ताक, प्रतिनिधी, यातला एकही शब्द कुठे दिसता कामा नये. परदेशी ग्राहक, बस. सरकारी खात्याचा माणूस बरोबर येणार आहे. काही लिहिलं असेल तर बदलून घ्या." मी "हो साहेब" म्हटले आणि ते वहीत टिपून घेतले. त्याच दुपारी माझी बायको मुलांना घेऊन येणार होती. पुढच्या महिन्यात कायम होईन या भरवशावर मी चिंचवडमध्ये खोली घेतली होती. अर्ध्या दिवसाची रजा काढून स्टेशनवर गेलो. ट्रंक, वळकटी, धाकट्याला प्रवासात आलेला ताप... आणि आबांना निरोप द्यायचे राहून गेले. निदान मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला तसे सांगत आलो.

पाहुणे आले तेव्हा फलक फाटकावर होता. त्यांचा पुढारी किडकिडीत, पन्नाशीचा, अंगापेक्षा मोठा कोट घातलेला. क्रांतीच्या आधी शाळामास्तर होता असे नंतर समजले. मोटारीतून उतरला, सवयीने हसला, आणि वर पाहून एकदम थांबला. त्याची नजर खालच्या ओळीवर होती. त्याने टोपी काढली. ओठ हलवत ती ओळ एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. त्याच्या सोबत्याने तोंड फिरवून डोळे पुसले. सरकारी खात्याचे गृहस्थ मॅनेजरसाहेबांकडे पाहत होते, आणि साहेब माझ्याकडे.

पाहुण्याने इंग्रजीत विचारले, हे कोणी लिहिले? फलकाची एक दोरी सैल झाली म्हणून आबा शिडीवर होते. मुकादमाने त्यांच्याकडे बोट दाखवले. आबा खाली उतरले तसा पाहुणा हात पुढे करून त्यांच्याकडे गेला. "नगं, नगं, रंग लागंल तुमाला," असे म्हणत आबा हात धोतराला पुसू लागले, पण त्याने तो निळा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. आबा म्हणाले, "व्हय, व्हय. या. बसा. च्या घ्या." दोघांनाही एकमेकांचे काही समजले नव्हते.

चार दिवसांत वाणिज्यदूताची तक्रार मुख्य कचेरीत गेली आणि तिथून आमच्याकडे आली. जबाबदार माणसाचे नाव आजच्या आज कळवा. साहेबांच्या खोलीत आबा उभे होते, मी टेबलाच्या कडेला कागद-टाक घेऊन बसलो होतो. साहेबांनी विचारले, "फलकावरचा मजकूर कोणी दिला?"

मी तोंड उघडले होते. मी काय बोललो असतो ते मला आजही सांगता येत नाही. आबा आधी बोलले.

"कुनी न्हाई, साहेब. म्याच काढला."

"तुला वाचता येतं?"

"वाचता न्हाई येत. काढता येतं."

"मग हे शब्द कुठून आले?"

"पेपरात व्हते. त्या लोकांची बातमी हाय म्हनून कुनी बोललं, तेवढा तुकडा बघून काढलं. खालची वळ पाकिटावरची. अक्षरं झ्याक वाटली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. ते मूर्ख नव्हते. बारामतीची रेघ त्यांनाही ठाऊक होती. पण रंगखात्यातला माणूस चुकला असे कळवणे सोपे होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून चुकला असे कळवले तर प्रश्न त्यांच्यापर्यंत आला असता. ते म्हणाले, "लिहून घ्या."

आणि मी लिहून घेतले. 'मी स्वतःच्या मनाने, कोणाच्याही सांगण्यावाचून...' माझ्याच अक्षरात, माझ्याच चुकीची आबांची कबुली. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे वाचून दाखवली. आबा मान हलवत ऐकत होते. "बराबर हाय. चांगलं लिवलंय तुमी." मी त्यांचा अंगठा धरून शाईवर दाबला, मग कागदावर. नखाच्या कडेला पंपांचा रंग होता. ठशाची एक बाजू काळी आणि एक निळी उमटली.

पुढच्या महिन्यात कायम झालेल्यांची यादी फळ्यावर लागली. आबांचेही वर्ष भरत आले होते, त्यांचेही नाव त्या यादीत यायचे होते. माझे नाव होते. आबांना कामावरून कमी केले होते.

मी त्यांच्या घरी गेलो ते पुरत्या पंधरा दिवसांनी. अंगणात बसून ते कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीची पाटी रंगवत होते. मी म्हटले, "आबा, तुम्ही असं का केलंत?"

"बसा आदी." त्यांनी पोत्यावर जागा करून दिली. "तुमी परवाच बायकापोरं आनली. खोली केली. तुमाला काढलं असतं तर कुठं गेला असता? माझं काय, घर हितं, मानसं हितं, हात हितं." कुंचला तेलात बुडवून ते थोडे थांबले. "आन् दुसरं असं, भाऊसाहेब, त्या पाव्हण्यानं माझा हात धरला. म्या म्हनलो असतो की चुकून झालं, तर त्याचं स्वागत चुकून झालं असं झालं असतं. दारात आलेल्याला पानी द्यायचं, आन् मंग म्हनायचं का, तांब्या चुकून भाईर आला?"

मी म्हटले, "मी तुमच्यासाठी काय करू ते सांगा." हे मी बरे वाटावे म्हणून बोललो, खरे सांगायचे तर स्वतःला बरे वाटावे म्हणून. पण आबांनी लगेच उत्तर दिले. "ही अक्षरं वाचाया शिकवा. इतकी वर्सं काढतोय, पन एकाची बी वळख न्हाई."

तेव्हापासून दर सोमवारी काम सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. शिकवणी अशी उफराटी कधी कुणी घेतली नसेल. माझ्या विद्यार्थ्याचे अक्षर माझ्यापेक्षा सुरेख होते. फक्त ते काय आहे ते त्याला कळत नव्हते. "ह्यो 'क' व्हय? ह्यो तर म्या हजार डाव काढलाय," असे म्हणून ते 'क'कडे एखाद्या फसव्या सोयऱ्याकडे पाहावे तसे पाहत. आबांच्या पत्नी, म्हणजे काकू, चुलीपाशी बसून टोमणे मारीत, "नातवाची पाटी आनून दिऊ का? पेन्शिल बी हाय तुकडा." आबा म्हणत, "दे. आन् तू बी ये बसाया." एक नवल मी पाहिले. नमुना बघून काढलेले त्यांचे अक्षर छापल्यासारखे येई. पण मनातला शब्द स्वतः लिहायला सांगितला की तेच अक्षर लहान मुलासारखे वाकडे होई. आबांच्या तोंडी मी भाऊसाहेबाचा मास्तर झालो.

सहा-सात महिन्यांनी एका सोमवारी त्यांनी कुंचल्यांच्या डब्यातून एक घडी केलेला कागद काढला. "आज ह्ये वाचतो." ती माझी चिठ्ठी होती. पाकिटाची पट्टी टाचलेली, माझ्या अक्षरातली. मला वाटले होते ती केव्हाच हरवली. ती एकदा साहेबांपुढे ठेवली असती तर आबा त्याच दिवशी सुटले असते, आणि ती सगळा वेळ त्यांच्याजवळ होती.

ते बोट ठेवून वाचू लागले. "प्र... जा... सत्ता... का... च्या... नव्या सर... कारच्या..." शेवटपर्यंत वाचले, पुन्हा एकदा सलग वाचले, आणि माझ्याकडे पाहिले. "मंग मास्तर, ह्यात चुकीचं काय हाय?"

मी त्यांना मान्यता म्हणजे काय ते समजावू लागलो. नवे सरकार आले तरी दुसऱ्या सरकारांनी ते मान्य करावे लागते, तोवर दूत नाही, झेंडा नाही, नाव घ्यायचे नाही. आबांनी सारे ऐकून घेतले.

"म्हंजे मानूस दारात उबा हाय, आपुन डोळ्यांनी बगतोय, पन वरनं कागुद येईस्तवर त्यो न्हाईच."

"साधारण तसंच."

"काय तरी येडेपना." ते हसले. मग चिठ्ठीची घडी घालता घालता, अगदी सहज, म्हणाले, "तुमी सांगायचं इसरला व्हता, न्हाई का?"

"हो," मी म्हटले.

त्यांनी ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ह्ये तुमचं तुमाला."

पुढे वर्षाभराने त्या सरकारला आपल्या सरकारने मान्यता दिली. ती बातमी मला आबांनीच सांगितली. हॉटेलातला पेपर काखेत मारून ते सोमवारपर्यंत न थांबता माझ्या खोलीवर आले आणि दारातूनच म्हणाले, "मिळाली बरं का त्यांना." मथळा त्यांनी स्वतः वाचला होता. मग त्या देशाचे व्यापारी मंडळ रीतसर आले, झेंड्यासकट. साहेब मला म्हणाले, "त्या वेळचाच मजकूर हवा. अगदी तोच. तो रंगारी कुठे असतो हल्ली?" मी आबांना घेऊन आलो. जुन्या शेडमध्ये कापड पसरून ते बसले, पण या वेळी हात अडखळत होता. अक्षरे जरा लहान-मोठी झाली. मी विचारले तेव्हा म्हणाले, "आदी नुसती अक्षरं काढायचो. आता मदीच सबूद येतो. 'स्वागत' आलं की हात थांबतो." साहेब फलक पाहून म्हणाले, "पहिल्या वेळचं जास्त चांगलं होतं." पाहुणे या खेपेस तरुण होते, चांगल्या कपड्यांतले; बोलत बोलत फलकाखालून निघून गेले. तो शाळामास्तर त्यांच्यात नव्हता. आबांनी फाटकाशी उभे राहून एकेकाचा चेहरा नीट पाहिला, मग डबा उचलला.

त्या संध्याकाळी साहेब खुशीत होते. स्वतः होऊन म्हणाले, "त्या वेळचं प्रकरण माझ्या मनाला जरा लागूनच राहिलंय." याहून उघडे दार कोणते असते? मी म्हणालो, "चांगला माणूस आहे, साहेब." बस, एवढेच. त्यानंतर कारखान्याची किरकोळ कामे आबांना मिळू लागली, पण नोंदवहीतला 'शिस्तभंगाबद्दल कमी' हा शेरा तसाच राहिला. मी सोमवारी जात राहिलो. आबा पेपर वाचू लागले, पाट्यांवरचे शुद्धलेखन सुधारू लागले. चाकणच्या एका अडत्याशी 'वखार'च्या 'ख'वरून भांडून आले. आणि मी दर सोमवारी घरी परतताना ठरवी, पुढच्या खेपेस सांगू.

गेल्या आठवड्यात मी साहेबांकडे अर्ज घेऊन गेलो. आबांच्या नावापुढचा शेरा काढून माझ्या नावापुढे लावावा. साहेब आता थकले आहेत. म्हणाले, "माणूस गेला. आता काय उपयोग?" मी म्हटले, "मी आहे ना अजून." त्यांनी फाईल मागवली. माझ्या अक्षरातला तो कागद वरच होता, खाली दुरंगी अंगठा. त्यांनी कबुली लिहायला मला कोरा कागद दिला.

मी लिहिले, 'मजकूर बदलण्याचा निरोप रंगाऱ्यास देण्याचे मी विसरलो.' आणि थांबलो. कारण ते खरे नव्हते.

पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळी सातला फाटकावर आलो तेव्हा आबा फलक बांधत होते. ते दहाला यायचे होते. तीन तास होते. टिपणाची वही माझ्या खिशात होती आणि मला सारे आठवत होते. मी फलकाखाली उभा राहून दोन्ही ओळी पाहिल्या. कुणीतरी त्या लोकांना हे म्हणावे असे मला वाटत होते. म्हणणारा मी आहे हे मात्र कुणाला कळू नये असेही वाटत होते. मी आत जाऊन माझ्या टेबलाशी बसलो. आबांनी ज्या माणसाला वाचवले तो विसराळू होता अशी त्यांची समजूत होती. तो विसराळू नव्हता, भित्रा होता. त्यांनी मला विचारलेसुद्धा, आणि मी त्यांना खोटे सांगितले.

मी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला आणि हे सारे लिहून सही केली. साहेबांनी दोनदा वाचले. "हे त्याला ठाऊक होतं?"

"नाही."

त्यांनी कागद फाईलला लावला. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि जे होईल ते मला मान्य आहे. माझी मुले इथे वाढली, इथल्या शाळेत जातात, आमचे बिऱ्हाड या गावात रुजले, ते सारे त्या एका अंगठ्यावर उभे आहे. इतक्या मोठ्या देण्याबद्दल माणूस आभार तरी कोणत्या शब्दांत मानणार! पण खोट्या हिशेबावर मानलेले आभार आबांना पोचले नसते, असे आता वाटते.

तिथून मी मारुतीकडे गेलो आणि त्यालाही सगळे सांगितले. काकू आत होत्या, त्यांनाही ऐकू गेले असावे. "आबा तुमच्याबद्दल कदी वाकडं बोलले न्हाईत," मारुती म्हणाला, "आता मी काय बोलू?" मग उठून त्याने मला आबांच्या रंगाच्या खोलीत नेले आणि दार आतून लोटले. "ह्ये बगितलंय का तुमी?"

दाराची आतली बाजू खालपासून खांद्यापर्यंत अक्षरांनी भरलेली होती. पाटीवरची ती रेखीव अक्षरे नव्हेत. आबांची स्वतःची, वाकडी, चढती-उतरती. नमुन्यावाचून लिहिलेली. कुणाची पाटी कधी द्यायची, तेल संपले, सांगवीला जाणे, नातवाचे नाव तीनदा, पावसाची नोंद. आणि आठवड्या-आठवड्याच्या अंतराने, पुन्हा पुन्हा, 'सोमवार मास्तर', 'सोमवार मास्तर'. पुढे पुढे अक्षर सुधारत गेले होते. शेवटचा सोमवार मारुतीच्या खांद्याच्या उंचीवर होता.

मी म्हटले, "हे दार रंगवू नकोस."

"कसं रंगवीन? आईनं इचारलं व्हतं त्यांना दिवाळीत, दार किती घान केलंय, पुसू का म्हनून. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, वरती अजून जागा हाय."

आत काकू चुलीवर आधण ठेवत होत्या. सोमवार नव्हता, तरी त्यांनी माझ्यासाठी कप काढला.